द्यात्लोव खिंड: तंबू आतून का चिरला?

द्यात्लोव खिंडीची गोष्ट बहुतेकांपर्यंत एकाच क्रमाने पोहोचते. सोव्हिएत रशिया, १९५९चा कडाक्याचा हिवाळा, डोंगरात मेलेले नऊ ट्रेकर, आतून चिरलेला तंबू, बर्फात अनवाणी पावलांचे ठसे. त्यानंतर एकीची जीभ गायब, कपड्यांवर किरणोत्सर्ग, आकाशात केशरी गोळे. एवढं ऐकून होईपर्यंत आपण मनातल्या मनात यतीला नाहीतर केजीबी या सोव्हिएत गुप्तहेर संस्थेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलेलं असतं.

खरं तर इथे प्रश्न तीन आहेत, आणि ते वेगवेगळे आहेत. त्यांनी तंबू का सोडला? सोडला तर परत का गेले नाहीत? आणि त्यातल्या तिघांना इतक्या भयंकर जखमा कशा झाल्या? तिन्हींना मिळून एकच उत्तर हवं असा हट्ट धरला, की गुप्त शस्त्रं आणि परग्रहवासी यांच्याशिवाय फारसं काही हाताशी उरत नाही. प्रश्न सुटे केले तर प्रत्येकाला बऱ्यापैकी साधं उत्तर सापडतं. अडतं ते शेवटी एकाच जागी, आणि ती जागा लोक समजतात ती नव्हे.

आधी घटना. युरल ही युरोप आणि आशियाच्या सीमेवरची रशियातली पर्वतरांग. उंचीने ती काही दांडगी नाही. ज्या खोलात-स्याख्ल डोंगराच्या उतारावर हे घडलं तो जेमतेम ११०० मीटरचा, म्हणजे कळसूबाईपेक्षाही बराच ठेंगणा. पण अक्षांश साधारण ६२ अंश उत्तर. तिथे फेब्रुवारीच्या रात्री पारा उणे २५ ते ३०च्या आसपास जातो आणि उघड्या माथ्यावर वारा अडवायला झाड नसतं. या भागात मान्सी नावाचे आदिवासी राहतात. शिकार आणि रेनडिअर पाळणं हा त्यांचा व्यवसाय.

२३ जानेवारी १९५९ रोजी स्वेर्दलोव्स्क, म्हणजे आजचं येकातेरिनबर्ग, इथून दहा जण निघाले. म्होरक्या इगोर द्यात्लोव, वय २३, युरल पॉलिटेक्निकचा विद्यार्थी. बाकीचे बहुतेक त्याच संस्थेतले विद्यार्थी किंवा नुकतेच पदवी घेऊन नोकरीला लागलेले. त्यांत दोन मुली, झिनाइदा कोल्मोगोरोवा आणि ल्युदमिला दुबिनिना. वयाने वेगळा असा एकच, सेम्योन झोलोतार्योव, दुसरं महायुद्ध लढून आलेला ३७ वर्षांचा प्रशिक्षक. ही नवशिकी पोरं नव्हती. त्या वेळच्या सोव्हिएत वर्गवारीतला सगळ्यात अवघड, तिसऱ्या श्रेणीचा स्की-ट्रेक पुरा करायला ते निघाले होते. २८ जानेवारीला युरी युदिन पाय आणि पाठ धरल्यामुळे मागे फिरला. तो २०१३ पर्यंत जगला.

उरलेल्या नऊ जणांनी १ फेब्रुवारीला संध्याकाळी खोलात-स्याख्लच्या उघड्या उतारावर तंबू ठोकला. दीड किलोमीटर खाली जंगल होतं, तिथे आडोसाही होता आणि जळणही. मग वर का थांबले? कमावलेली उंची घालवायची नसेल, किंवा उतारावर मुक्काम करायचा सराव हवा असेल, असं युदिनचं पुढे मत होतं. त्यांच्या कॅमेऱ्यातल्या शेवटच्या फोटोंपैकी एकात ते वाऱ्यात वाकून उतार खणताना दिसतात. सपाट जागा करायची, खाली स्की अंथरायच्या, वर तंबू उभारायचा, असा तो बेत. हा खणलेला उतार लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मोहीम संपली की १२ फेब्रुवारीच्या सुमारास तार येणार होती. ती आली नाही. उशीर होऊ शकतो असं द्यात्लोव आधीच बोलला होता, त्यामुळे आणखी काही दिवस गेले. घरच्यांनी तगादा लावल्यावर २० तारखेला शोध सुरू झाला आणि २६ फेब्रुवारीला दोन विद्यार्थ्यांना तंबू दिसला. दाराकडचा खांब उभा होता, बाकीचा भाग बर्फाखाली दबलेला. आत कोट, बूट, अन्न, पैसे, सगळं जागच्या जागी. वाटेत वापरायची पत्र्याची शेगडी त्या रात्री पेटवलेलीच नव्हती. डुकराच्या चरबीचे कापलेले तुकडे पडलेले. ‘संध्याकाळचं ओतोर्तेन’ नावाचं एक हस्तलिखित विनोदी पत्रकही सापडलं. ओतोर्तेन हा त्यांना गाठायचा होता तो डोंगर. त्यात या पोरांनी चेष्टेत लिहिलं होतं की ताज्या संशोधनानुसार हिममानव ओतोर्तेनच्या आसपास राहतात. यतीवाल्यांना पुराव्यादाखल मिळालेली ही सर्वांत ठोस गोष्ट म्हणायला हरकत नाही.

तंबू आतून फाडलाय हे पहिल्यांदा ध्यानात आलं ते एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या. गणवेश शिवायच्या कामासाठी ती तपास अधिकाऱ्यांकडे आली होती. समोर पसरलेलं कापड बघून तिने सांगितलं की हे चिरे आतल्या बाजूने मारलेत. मग रीतसर तपासणी झाली आणि तिचं म्हणणं खरं निघालं. अर्थात सगळेच चिरे त्या रात्रीचे नव्हते. शोधणाऱ्या दोघांनीही आत बघण्यासाठी तंबूवर बर्फाची कुऱ्हाड चालवली होती.

तंबूपासून खाली जंगलाकडे आठ-नऊ जणांची पावलं गेली होती. कुणी मोजे घातलेले, कुणाच्या एकाच पायात बूट, कुणी अनवाणी. हे ठसे खड्डे नव्हते, उंचवटे होते. पायाखाली दाबलेला बर्फ घट्ट होतो, मग वारा आजूबाजूचा सुटा बर्फ खरवडून नेतो आणि घट्ट झालेली पावलं छोट्या खांबांसारखी उभी राहतात. म्हणजे तंबू सापडेपर्यंतच्या तीनेक आठवड्यांत वाऱ्याने त्या उतारावरून बराच बर्फ उचलून नेला होता. ‘तिथे हिमस्खलनाच्या काही खुणा नव्हत्या’ असं जेव्हा ठासून सांगितलं जातं, तेव्हा ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

ठसे साधारण ५०० मीटरनंतर पुसले गेले होते. जंगलाच्या कडेला एका मोठ्या सायबेरियन पाइनखाली विझलेली शेकोटी आणि दोन मृतदेह, युरी दोरोशेंको आणि युरी क्रिवोनिश्चेंको, अंगावर फक्त आतले कपडे. झाडाच्या फांद्या पाच मीटर उंचीपर्यंत मोडलेल्या. झाड आणि तंबू यांच्या मधल्या उतारावर आणखी तिघं: द्यात्लोव, कोल्मोगोरोवा आणि रुस्तेम स्लोबोदिन. तिघंही तंबूच्या दिशेने जात असावेत अशा स्थितीत. उरलेले चौघे मिळायला मे महिना उजाडला. झाडापासून साधारण ७५ मीटरवरच्या एका घळीत, सुमारे चार मीटर बर्फाखाली. नऊपैकी सहा जण थंडीने गेले होते. घळीतल्या चौघांपैकी तिघांचा मृत्यू मात्र जखमांनी झाला: निकोलाय तिबो-ब्रिन्योलची कवटी फुटलेली, दुबिनिना आणि झोलोतार्योव यांच्या बरगड्या मोडलेल्या. एवढं नुकसान मोटार धडकल्यावर होतं, असं शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टर वोझ्रोझ्देनी यांचं म्हणणं होतं. २८ मे १९५९ रोजी तपास बंद झाला. कारण नोंदवलं गेलं ते असं: माणसांना ज्यावर मात करता आली नाही अशी नैसर्गिक शक्ती. फाइल दडवली गेली, त्या भागात काही वर्षं भटक्यांना बंदी घातली गेली. संशयाला यापेक्षा चांगलं खतपाणी कुणी घालू शकलं नसतं.

आता त्या भीतीदायक तपशिलांचं काय ते पटकन उरकून टाकू. दुबिनिनाची जीभ आणि डोळे नव्हते हे खरं. पण तिचा मृतदेह तीन महिने बर्फात आणि वितळणाऱ्या पाण्याच्या ओहोळात होता. मऊ भाग आधी कुजतात, वाहत्या पाण्याने झिजतात आणि लहानसहान जनावरंही तेच आधी खातात. किरणोत्सर्ग मोजक्या कपड्यांवर सापडला. क्रिवोनिश्चेंको मायाक या अणुप्रकल्पात कामाला होता, जिथे १९५७ साली मोठा अपघात झाला होता. गटातल्या कोलेवातोवचा अभ्यासही अणुक्षेत्राशी संबंधित होता. केशरी गोळे लोकांनी खरोखर पाहिले, पण ज्यांच्या तारखा पक्क्या आहेत ते १७ फेब्रुवारी आणि ३१ मार्चचे, आणि ते आर-७ क्षेपणास्त्रांच्या उड्डाणांशी जुळतात. तोवर हे नऊ जण जाऊन दोन आठवडे उलटले होते. मान्सी लोकांवरही सुरुवातीला संशय घेतला गेला. पण तिथे दुसऱ्या कुणाच्या पावलांचे ठसे नव्हते, झटापटीच्या खुणा नव्हत्या.

तर पहिला प्रश्न: तंबू का सोडला?

हिमस्खलन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे डोंगरच्या डोंगर कोसळतो. पण एक प्रकार असा असतो की बर्फाची फक्त एक लादी सुटते. हिवाळाभर पडलेला बर्फ एकजीव नसतो, त्याचे थर असतात. जमिनीलगतचा बर्फ थंडीत हळूहळू मोठ्या, सुट्या, रवाळ कणांत बदलतो. वरचा बर्फ वाऱ्याने ठासून घट्ट होतो. ताटात साखर पसरून तिच्यावर वडीचा जाड थर ठेवावा तशी ही रचना. ताट थोडं कललं तरी वडी जागची हलत नाही, कारण खालची कड तिला टेकू देत असते. ती कडच कापून काढली तर?

द्यात्लोवच्या गटाने खणला तो हा टेकू. पण बर्फ लगेच सुटला नाही, आणि तज्ज्ञांना इथेच पटत नव्हतं. उतार खणल्यावर लादी सुटायची तर तेव्हाच सुटायला हवी, जेवणं उरकून माणसं झोपेपर्यंत थांबेल कशाला? शिवाय उतारही तीव्र नव्हता. साधारण ३० अंशांखाली असं स्खलन होत नाही हा नेहमीचा आडाखा, आणि तिथला उतार वरवर २३ अंशांच्या आसपास भरत होता.

जानेवारी २०२१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या दोन संशोधकांनी, योहान गॉम आणि अलेक्सांद्र पुझरिन यांनी, या दोन्ही अडचणींवर गणित मांडलं. एक, बर्फाचा पृष्ठभाग खालच्या जमिनीचे चढउतार झाकतो. तंबूच्या जागी जमिनीचा खरा कोन २८ अंशांच्या जवळपास होता. दोन, त्या रात्री माथ्यावरून खाली वाहणारा जोरदार वारा होता. माथ्यावरची थंड हवा जड होऊन उतारावरून घरंगळते, तो हा वारा. त्याने वरचा सुटा बर्फ आणून तंबूच्या वरच्या अंगाला टाकायला सुरुवात केली. आभाळातून बर्फ पडायचीसुद्धा गरज नाही. वजन तासातासाने वाढत गेलं आणि कधीतरी खालचा रवाळ थर मोडला. त्यांच्या गणितात हा अवधी साडेसात ते साडेतेरा तासांचा येतो. शवविच्छेदनानुसार शेवटच्या जेवणानंतर सहा ते आठ तासांत मृत्यू झाले. दोन्ही आकडे एका रात्रीत बसतात, एवढंच मी म्हणेन. त्याहून घट्ट सांधा जुळवायचा मोह टाळलेला बरा.

ही लादी मोठी नव्हती. पाचेक मीटर लांबीची, तंबूसाठी खणलेल्या खाचेतच येऊन बसली असेल इतकी. पण वाऱ्याने ठासलेला बर्फ घनमीटरला सहज ३०० ते ४०० किलो भरतो. झोपेत, काळोखात, कापड अंगावर कोसळलेलं, वर तेवढं ओझं आणि दार दाबलं गेलेलं. मग चाकूने कापड फाडून बाहेर पडणं यात गूढ काय? मीही तेच केलं असतं. आणि एकदा लादी सुटली की वरून आणखी येणार ही भीती कुठल्याही अनुभवी गिर्यारोहकाला वाटेल. सामान उपसत बसण्यापेक्षा आधी उतारावरून दूर व्हायचं, हा शहाणपणाचाच निर्णय होता. रशियन सरकारी वकिलांनी २०१९ मध्ये प्रकरण पुन्हा उघडलं आणि जुलै २०२० मध्ये तेही हिमस्खलनावरच येऊन थांबले. त्यांच्या मते गट आधी बाजूला जाऊन थांबला, पण १६ मीटरपलीकडचं दिसत नसल्याने त्यांना तंबू पुन्हा सापडला नाही. मृतांच्या आप्तमित्रांच्या संस्थेला हा निष्कर्ष मान्य नाही.

दुसरा प्रश्न, परत का गेले नाहीत, याचं उत्तर थंडी. पण ‘थंडीने मेले’ या दोन शब्दांत जे दडपलं जातं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत लक्ष देण्यासारखं वाटतं.

उणे २५ अंशांत, वाऱ्यात, मोजे घातलेल्या पायांनी बर्फावर चालायला लागलं की काही मिनिटांत बोटं बधिर होतात. शरीर हातापायांचं रक्त आवरून घेतं आणि छाती-पोटाला पुरवतं. गाठ सोडणं, काडी ओढणं अशी कामं मग जमत नाहीत. शरीराचं तापमान ३२ अंशांच्या आसपास आलं की कुडकुडणं थांबतं आणि माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो. कृष्ण पक्ष चालू होता, चंद्र उगवायला मध्यरात्र उलटून बराच वेळ जायचा होता. तंबू दीड किलोमीटर वर, चढावर, वाऱ्याच्या तोंडावर.

आणि तरीही त्यांनी काय काय केलं बघा. जंगल गाठलं. शेकोटी पेटवली, आणि ती तासाभराहून जास्त जळती ठेवली. झाडावर चढून फांद्या मोडल्या. घळीत बर्फ खणून फरचे शेंडे अंथरले, वाऱ्यापासून आडोसा केला, बसायला चार जागा केल्या. शेकोटीजवळचे दोघं गेल्यावर त्यांचे कपडे कापून जिवंत असलेल्यांनी अंगावर घेतले. दुबिनिनाच्या पायाला क्रिवोनिश्चेंकोच्या विजारीचा फाडलेला तुकडा गुंडाळलेला होता. तिघं परत तंबूकडे निघाले. थंडीने मरणारा माणूस शेवटी स्वतःच कपडे काढून फेकतो, कारण आवळलेल्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडून अंगाची आग होते. हे खरं आहे आणि या प्रकरणात नेहमी सांगितलं जातं. पण इथले बरेचसे उघडे देह मित्रांनी कपडे घेतल्यामुळे उघडे होते. वेडाच्या भरात सैरावैरा पळालेली माणसं असं वागत नाहीत. कुणीतरी कामं वाटून देत होतं आणि बाकीचे ती करत होते.

उरल्या जखमा, आणि अडतं ते इथे.

गॉम आणि पुझरिन यांच्या मते बरगड्या तंबूतच मोडल्या. त्यांनी त्यासाठी दोन अनपेक्षित ठिकाणांहून मदत घेतली: डिस्नेच्या एका ॲनिमेशनपटात बर्फ खराखुरा दिसावा म्हणून लिहिलेला संगणकी कोड, आणि जनरल मोटर्सने १९७०च्या दशकात मृतदेहांवर केलेल्या धडकेच्या चाचण्यांची आकडेवारी. अंगाखाली स्कींची कडक बैठक, वरून लादीचा घाव. मधे सापडलेली छाती मोडू शकते, पण माणूस लगेच मरेलच असं नाही. तिथे स्खलन होऊच शकत नाही असं म्हणणाऱ्यांना नंतर आणखी एक उत्तर मिळालं. त्यांचा लेख आल्यावर झालेल्या मोहिमांत त्याच परिसरात ताज्या लादी-स्खलनांच्या खुणा टिपल्या गेल्या. खुद्द या दोघांनी मात्र आपण फक्त शक्यता सिद्ध केली, सगळं कोडं सोडवलेलं नाही असं स्पष्ट म्हटलंय.

मला तंबूतल्या जखमा पटत नाहीत. फुटलेल्या कवटीचा एक, मोडलेल्या छातीचे दोन, एवढ्यांना काळोखात दीड किलोमीटर उतरवायचं तर ओढत किंवा उचलून न्यावं लागेल, आणि ठसे चालणाऱ्या माणसांचे होते. दुसरं म्हणजे तिन्ही जखमी एकाच घळीत, जाड बर्फाखाली सापडले. खणलेल्या आडोशावरचं छत बसलं, किंवा घळीच्या काठावरचा बर्फ अंगावर आला, तर वरची कातडी फारशी न फाटता आतली हाडं मोडतात. जखमा तशाच होत्या. रशियन वकिलांनीही घळीत वेगळं स्खलन धरलं आहे. म्हणजे त्या रात्री बर्फ दोनदा सुटला असं मानावं लागतं, आणि दुसऱ्यांदा तो सुटला तो आसरा म्हणून निवडलेल्या जागीच. स्विस गणिताला हे लागत नाही, ते एकाच घावात भागवतं, म्हणून ते अधिक देखणं आहे.

पण वोझ्रोझ्देनी यांनी १९५९ मध्येच तपास अधिकाऱ्याला सांगितलं होतं की तिबो-ब्रिन्योल त्या जखमेनंतर चालूच शकला नसता, आणि दुबिनिना फार तर १० ते २० मिनिटं जगली असेल. डॉक्टरांचा हा अंदाज बरोबर असेल, तर तंबूपासून त्या घळीपर्यंत पोहोचायला तिच्याकडे वेळच नव्हता.